अर्धा तास

परत आले तेव्हा इंदूबाईनं आधी पिशवीत पाहिलं,
मग माझ्या तोंडाकडे.
"जमलं काय वं?"
मी म्हटलं, खजूर घ्या.

पातूर-बाळापूर मिळून आमच्या पिंजाऱ्यांची घरं अकरा,
त्यात लग्नाचे पोट्टे तीन.
एक सुरतेला गेला तो तिकडचाच झाला,
एकाला अंगणवाडीत नोकरी करणारी नको,
तिसऱ्यानं मला लहानपणी चिंचेवरून ढकललेलं.
म्हणून अब्बांनी कराचीला फुफीला पत्र टाकलं.
पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या शिपायानं
आमच्याच गादीवर बसून विचारलं,
"पाकिस्तानात काय काम?"
"पोरगी दाखवाची हाय."
तो हसला, चहा प्याला,
जाताना उशीचा भाव विचारून गेला.

मुनाबावला सामान उघडलं.
इंदूबाईनं फुफीसाठी दिलेले सरगुंडे
साहेबानं उजेडात धरून पाहिले,
एकेक पोकळी.
यातून फक्त वाफ जाते, साहेब.

फुफी जिन्यातच उभी होती.
पन्नास वर्षांत तिच्या बोलण्याला
मोठ्या शहराची इस्त्री बसलेली,
पण माझं मनगट हाताला लागलं आणि
"मायबाई, काहून वाळली वं इतकी?"
सुना एकमेकींकडे पाहत राहिल्या.
ही सासू त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

पहिला दिवस पोलिसात नोंद करण्यात गेला.
दुसऱ्या दिवशी मुनीर आला,
कोरंगीत घड्याळं दुरुस्त करणारा,
डाव्या डोळ्याभोवती भिंगाचं वर्तुळ कायमचं उमटलेलं.
आम्हाला खोलीत बसवलं.
दाराआड तीन जोडी चपला हलत होत्या.
त्यानं विचारलं, तिथे मागे कोण राहील?
अब्बा, असं सांगायचं होतं.
मी सांगत गेले: खुशाल, तन्वी, दोन्ही सोनू,
डबा न उघडता रडणारा प्रज्वल,
शेंबडी ऋतुजा, तिची त्याहून शेंबडी बहीण,
सत्तावीसपैकी अकरावर आले तेव्हा
माझं मलाच कळलं.
त्यालाही.

तो मनगटाकडे पाहत होता.
"घड्याळ पुढे आहे. अर्धा तास."
पुढे नाही, म्हटलं, ते घरी आहे.
त्यानं मागून घेतलं, खिशातल्या पात्यानं पाठ उघडली,
फुंकर मारली. पातूरच्या बाजाराची धूळ
त्याच्या पांढऱ्या बाहीवर बसली असेल.
"मागे करू?"
दाराआडच्या चपला थांबल्या.
राहू द्या.
काटे होते तसे ठेवून
त्यानं घड्याळ परत दिलं, पट्टा माझ्याकडे करून.

त्या रात्री अब्बांना झोप येईना.
फुफीच्या गादीत ढेकळं झालेली.
निकाहात पातूरहून गेलेली गादी,
दादाजाननं पिंजलेली.
धुनकी काही सीमेपलीकडे नेता आली नव्हती,
म्हणून शिवण उसवून त्यांनी बोटांनीच
सगळा कापूस मोकळा केला, फजरच्या अजानपर्यंत,
कराचीच्या तिसऱ्या मजल्यावर
भुवयांपर्यंत पांढरे झालेले अब्बा.
एक सरकी निघाली.
फुफीनं ती जिभेवर ठेवून पाहिली,
पुसून परत दिली.
अब्बांनी ती आत घालूनच टाका मारला.

आता इंदूबाईला काय सांगू.
त्याचा नकार आला नाही,
माझा गेला नाही.
मागच्या महिन्यात फुफीच्या नातवाचा फोन आला:
मुनीरचं ठरलं, नवाबशहाची मुलगी आहे.
मी मुबारक म्हटलं,
आणि खिचडीच्या वाट्या मांडायला गेले.
त्या दिवशी अठ्ठावीस मांडल्या.

घड्याळ तेव्हापासून एकदाही थांबलं नाही.
हात धुवायला पोरं रांगेत उभी राहतात तेव्हा
तिकडे नुकतं कुणीतरी शटर वर करत असतं.
"म्याडम, किती वाजले?"
दोन्ही सोनू एकदमच विचारतात.
साडेदहा, मी म्हणते.
साडेदहाच.